नायक पडद्याबाहेर: 'द मेसेज' या चित्रपटाचं प्रकरण

चरित्रपट काढायचा, पण चरित्रनायक दाखवायचा नाही. चेहरा नाही, पाठमोरी आकृती नाही, आवाज नाही. एवढ्यावर भागत नाही. त्याच्या पत्नी नकोत, मुली-जावई नकोत आणि त्याच्यामागून गादीवर आलेले चार खलिफाही नकोत. म्हणजे कथेतली बहुतेक वजनदार माणसं वगळून कथा सांगायची. मुस्तफा अक्कड या दिग्दर्शकाने ही अट पत्करली, शेवटच्या दृश्यापर्यंत पाळली, आणि तरीही मुहम्मद पैगंबरांवरच्या त्यांच्या चित्रपटाच्या निमित्ताने १९७७ साली वॉशिंग्टनमध्ये गोळ्या चालल्या.

१९७६ साली लंडनमध्ये झळकलेला हा 'द मेसेज' आज तुर्कस्तानात रमजानच्या दिवसांत टीव्हीवर हटकून लागतो. घरातली म्हातारी माणसं तो डोळ्यांत पाणी आणून बघतात. मधल्या काळात चित्रपटाची एक चौकटही बदललेली नाही. मग त्या वेळी नेमकं बिनसलं कुठे?

माझ्या वाचनातून मला दिसतं ते असं. इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. एक कारागिरीचा: न दिसणाऱ्या माणसाचा सिनेमा कसा करायचा. दुसरा संमतीचा: असा सिनेमा करायला 'हो' म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे. पहिल्याचं उत्तर अक्कड यांनी बऱ्यापैकी शोधलं. दुसऱ्याचं उत्तर त्यांना दाखल्यांच्या फायलीत सापडेल असं वाटलं, आणि तिथे गाडी रुतली.

अक्कड मूळचे सीरियातल्या अलेप्पोचे, जन्म १९३०चा. वडील कस्टम खात्यात नोकरीला. सिनेमा शिकायला अमेरिकेला निघालेल्या पोराच्या हातात वडिलांनी विमानतळावर दोनशे डॉलर आणि कुराणाची एक प्रत ठेवली, ही आठवण ते मुलाखतींतून सांगत असत. लॉस एंजेलिसला शिक्षण झालं, सॅम पेकिनपांसारख्या नावाजलेल्या दिग्दर्शकाचं मार्गदर्शन मिळालं. आपण मुसलमान आहोत आणि पश्चिमेत राहतो, तेव्हा इस्लामची गोष्ट तिथल्या लोकांना समजेल अशा रीतीने सांगणं हे आपलंच काम आहे, अशी त्यांची धारणा होती. यात बंडखोरी शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. हा माणूस श्रद्धाळू होता, आणि त्याला सगळ्यांना खूश ठेवायचं होतं.

आता त्या अटीबद्दल. कुराणात चित्रं काढायला थेट मनाई करणारं वचन नाही. मनाईचा आधार मुख्यतः हदीसमधून, म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आठवणी यांच्या संग्रहांतून, घेतला जातो. शिवाय ही मनाई सगळीकडे आणि सगळ्या काळात सारखी नव्हती. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला तब्रीझमध्ये तयार झालेल्या 'जामी-उत-तवारीख' या इतिहासग्रंथाच्या पोथीत पैगंबरांची चित्रं चेहऱ्यासकट आहेत. ऑटोमन सुलतान तिसरा मुराद याच्यासाठी १५९५च्या सुमारास सजवलेल्या चरित्रग्रंथात मात्र चेहऱ्यावर पांढरा बुरखा आणि मस्तकाभोवती ज्वाळांचं वलय आहे. पुढे तुर्की सुलेखनकारांनी आणखी एक वाट काढली. पैगंबरांचं शब्दांतलं वर्णन, म्हणजे उंची मध्यम, केस फार कुरळे नाहीत की अगदी सरळही नाहीत, अशा तपशिलांचा मजकूर गोलात बसवून तो भिंतीवर लावायचा. याला 'हिल्या' म्हणतात. आपल्याकडे जिथे तसबीर असते, तिथे त्यांच्याकडे वळणदार अक्षरातलं वर्णन टांगलेलं असतं.

सुन्नी जगात विसाव्या शतकापर्यंत पूर्ण मनाईचा पक्ष पक्का झाला होता. सिनेमापुरता त्याचा पहिला मोठा प्रसंग १९२६चा. इजिप्तचा नट युसूफ वहबी एका परदेशी कंपनीच्या चित्रपटात पैगंबरांची भूमिका करणार, अशी बातमी फुटली. अल-अझहर या कैरोच्या सुन्नी धर्मपीठाने फतवा काढला, राजा फुआदने नागरिकत्व काढून घेण्याची तंबी दिली आणि वहबीने माघार घेतली. आपल्याकडे त्याच्या आधीच फाळक्यांच्या पडद्यावर राम आला की प्रेक्षक चपला काढून बसत असत. देव पडद्यावर आणण्यातूनच आपला सिनेमा उभा राहिला. त्यामुळे या वादातली कळ मराठी प्रेक्षकाला चटकन कळत नाही, आणि 'दाखवलं तर काय बिघडलं' असं आपण पटकन म्हणून बसतो. इथे न दाखवणं हाच आदर आहे, ही गोष्ट गृहीत धरल्याशिवाय पुढचं काही उलगडत नाही.

अक्कड हे जाणून होते. म्हणून त्यांनी आधी संहिता केली आणि ती घेऊन धर्मपीठांच्या पायऱ्या चढले. पटकथा एच. ए. एल. क्रेग यांची. सोबत तौफीक अल-हकीम यांच्यासारखे इजिप्तचे मोठे लेखक होते. अल-अझहरने संहितेला मान्यता दिली. लेबनॉनच्या शिया परिषदेनेही दिली. चित्रपट सुरू होतो तेव्हा पडद्यावर या दोन्ही संस्थांच्या मान्यतेचा उल्लेख येतो. त्याच्या जोडीला आणखी एक पाटी येते: पैगंबरांची भूमिका कोणी वठवणं हे त्यांच्या संदेशाच्या पावित्र्याला बाधा आणतं, या इस्लामी परंपरेचा आम्ही मान राखतो, म्हणून त्यांची व्यक्ती इथे दिसणार नाही.

पण मक्केतल्या राबिताने, म्हणजे जागतिक मुस्लिम लीगने, नकार दिला. पुढे अल-अझहरनेही शब्द फिरवला आणि इजिप्तमध्ये चित्रपटावर बंदी आली. तरी पडद्यावरची ती मान्यतेची पाटी जागच्या जागीच राहिली. आजही चित्रपट लावलात तर सुरुवातीला ती दिसते. ज्यांनी मान्यता काढून घेतली, त्यांच्याच मान्यतेचा दाखला!

कॅमेरा कुठे ठेवायचा

आता कारागिरी, कारण या प्रकरणाचा खरा रस मला तिथे वाटतो.

अक्कड यांनी उपाय शोधला तो असा की पैगंबर ज्या जागी असतील तिथे कॅमेरा ठेवायचा. समोरची पात्रं थेट कॅमेऱ्यात बघून बोलतात. त्यांच्या बोलण्याला उत्तर येतं, पण ते आपल्याला ऐकू येत नाही. पात्र क्षणभर थांबतं, मान डोलावतं आणि 'म्हणजे आपण आम्हाला असं सांगता' अशा थाटात ते उत्तर स्वतःच्या तोंडून पुन्हा मांडतं. हमजा, झैद, बिलाल या पैगंबरांच्या निकटच्या अनुयायांकडे हे काम आळीपाळीने येतं. पैगंबरांची चाहूल लागली की मॉरिस जार यांच्या संगीतातला ऑर्गनचा एक हलका सूर मागे सुरू होतो. तो सूर आला की प्रेक्षकाने समजून घ्यायचं.

हिजरतीनंतर, म्हणजे मक्का सोडून निघाल्यावर, पैगंबरांचा मदिनेत प्रवेश होतो (इ. स. ६२२), ते दृश्य या युक्तीचा सगळ्यात चांगला नमुना आहे. माणसं खजुराच्या झाडांवर चढून वाळवंटाकडे नजर लावून बसलेली. मग 'तलअल बद्रु अलैना' हे स्वागतगीत सुरू होतं. आता कॅमेरा उंटावरून चालू लागतो. खाली माणसांचा समुद्र, सगळे चेहरे वर वळलेले, फांद्या हलताहेत. जो तो आपल्या दाराशी थांबण्याचा आग्रह करतो आणि उत्तर मिळतं की उंटीण जिथे बसेल तिथे मुक्काम. मग कस्वा नावाची ती उंटीण पडद्यावर दिसते, हौद्यात कोणी नाही असं वाटायला नको म्हणून चौकट बेताने कापलेली. ती हळूहळू चालत येते आणि एका मोकळ्या जागी गुडघे टेकते. तीच मशिदीची जागा. उंटिणीच्या मानेच्या हालचालीवर सगळा ताण तोलून धरलेला आहे, आणि तो टिकतो.

मक्कावाल्यांशी झालेल्या बद्रच्या लढाईत (इ. स. ६२४) पैगंबरांचे जावई अली यांचं काम त्यांच्या तलवारीने निभावलं आहे. दुभंगलेल्या पात्याची जुल्फिकार तेवढी चौकटीत येते, हात आणि माणूस बाहेर. हे मात्र जरा ओढूनताणून वाटतं. अधांतरी तरंगणाऱ्या तलवारीकडे बघताना आजचा प्रेक्षक गालातल्या गालात हसतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

एक गोष्ट टीकाकारांच्या लक्षात कितपत आली कोण जाणे. न दाखवण्याची अट पाळायला म्हणून जी युक्ती केली, ती एका अर्थी दाखवण्यापेक्षाही धाडसाची ठरते. कॅमेरा जर पैगंबरांच्या जागी असेल, तर आपण प्रेक्षक त्यांच्या डोळ्यांनी बघतो. लोक मान वर करून आदराने आपल्याकडे बघतात. उतबासारखे विरोधक आपल्यासमोर येऊन सौदा मांडतात. मूर्ती टाळली, पण प्रेक्षकालाच सिंहासनावर बसवलं. परंपरावादी मंडळींनी याच मुद्द्यावर हरकत घेतली असती तर ती गंभीर हरकत ठरली असती. प्रत्यक्षात हरकती निघाल्या त्या वेगळ्याच गोष्टींवर.

नायकाची जागा भरून काढायला हमजा पुढे आले. पैगंबरांचे हे काका शिकारी आणि योद्धे होते, आणि त्यांना दाखवायला अटींची आडकाठी नव्हती. इंग्रजी चित्रपटात ही भूमिका अँथनी क्विनने केली, अरबीत अब्दुल्ला गैस यांनी. हे दोन स्वतंत्र चित्रपट आहेत, डबिंग नव्हे. एकाच सेटवर एक दृश्य आधी एका नटसंचाने करायचं, मग तीच जागा, तीच मांडणी ठेवून दुसऱ्या संचाने दुसऱ्या भाषेत. हिंद या मक्केतल्या विरोधी गोटातल्या बाईच्या भूमिकेत इंग्रजीत आयरीन पापास, अरबीत मुना वासेफ. दोन्ही शेजारी ठेवून बघितले तर अरबी चित्रपटाला लय आहे. भाषा त्या कथेच्या अंगची आहे, वक्तृत्व खोटं वाटत नाही. इंग्रजी संवादांना सतत उपदेशाचा वास येतो. अरबी चित्रपट अर्ध्या तासाने लांब असूनही मला तोच कमी कंटाळवाणा वाटतो.

पण हमजाला नायक केल्याचा फटकाही बसला. उहुदच्या लढाईत (इ. स. ६२५) वहशी या गुलामाच्या भाल्याने हमजा मारले जातात, बद्रला मारल्या गेलेल्या बापाचा हिंद सूड उगवते, आणि तिथून पुढे चित्रपटाचा आस निखळतो. मक्का ताब्यात येण्यापर्यंतची पाच वर्षं अजून उरलेली असतात, त्यात मक्कावाल्यांशी झालेला हुदैबियाचा तह आहे, जो राजकारणाच्या दृष्टीने सगळ्यात चातुर्याचा प्रसंग. पण तह करणारा माणूस दिसत नाही आणि त्याच्या वतीने लढणारा काका गेलेला. मग प्रसंग नुसते एकामागून एक येत राहतात. या चित्रपटाने कोणाची बेअदबी केली असं मला कुठेच दिसत नाही. त्याला मारलं ते अतिसावधपणाने. सगळ्या बाजूंनी हरकत टाळताना पैगंबरांच्या मनातली घालमेल, पहिला साक्षात्कार झाल्यावर हिराच्या गुहेतून भेदरून घरी येणं, पत्नी खदीजांनी धीर देणं, हे सगळं निसटलं. खदीजाच नाहीत, तर धीर कोण देणार?

त्यातल्या त्यात मनात राहतात ती किरकोळ दृश्यं. बिलालच्या छातीवर दगड ठेवलेला आणि तोंडातून फक्त 'अहद, अहद', म्हणजे देव एकच. हबशी राजा नजाशी दरबारात काठीने जमिनीवर रेघ ओढतो आणि सांगतो की तुमच्या-आमच्यात फरक आहे तो या रेघेएवढाच. नमाजाला बोलवायचं कसं, घंटेने, शिंगाने की ढोलाने, यावर चाललेली बैठक आणि त्यातून निघालेला माणसाच्या आवाजाचा तोडगा. या प्रसंगांत पैगंबर असण्याची गरजच नाही, म्हणून ते मोकळे झालेत.

पैसा, राजे आणि वाळवंट

सुरुवातीला पैसा आणि पाठबळ कुवेत, मोरोक्को, लिबिया या देशांकडून होतं. मराकेशजवळ मक्का आणि काबा उभा करायला साडेचार महिने लागले. चित्रीकरण जोरात असताना सौदी अरेबियाने मोरोक्कोच्या राजावर, हसन दुसरे यांच्यावर, दडपण आणलं. वाळवंटात काब्याची प्रतिकृती उभी राहणं हे सौदी राजवटीला रुचणारं नव्हतंच. काम थांबलं आणि परदेशी नटांसह सगळा फौजफाटा अडकून पडला. अक्कड यांनी तोवर झालेलं काम लिबियाच्या मुअम्मर गडाफींना दाखवलं. त्यांनी पसंती दिली आणि उरलेला चित्रपट लिबियात पुरा झाला.

इथे अक्कड यांना दुसरा मार्ग होता का? नसावा. पण एका धर्मपुरुषाच्या चरित्रावर गडाफींचा शिक्का बसला की त्या चित्रपटाकडे धर्म म्हणून बघणं अर्ध्या अरब जगाला अशक्य झालं. आता तो कोणाच्या बाजूचा, एवढंच बघितलं जाणार. १९८१ साली अक्कड यांनी त्याच पैशावर लिबियाच्या स्वातंत्र्ययोद्ध्यावर मोठा चित्रपट काढला, तेव्हा हा शिक्का आणखी ठळक झाला.

लंडन आणि वॉशिंग्टन

लंडनच्या पहिल्या खेळाआधी चित्रपटगृहाला धमकीचे फोन आले. त्यामुळे 'मोहम्मद, मेसेंजर ऑफ गॉड' हे नाव ऐन वेळी बदलून 'द मेसेज' झालं. म्हणजे पैगंबर पडद्यावर नव्हतेच, आता नावातूनही गेले.

अमेरिकेत मूळ नावाने चित्रपट लागायचा दिवस ठरला ९ मार्च १९७७. तोवर अफवा पसरली होती की अँथनी क्विन पैगंबरांचं काम करतोय. काही ठिकाणी चार्ल्टन हेस्टनचं नाव जोडलं जात होतं. मोझेस करणारा नट, तेव्हा मुहम्मदही तोच करणार, असा लोकांचा हिशोब.

त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये हमास अब्दुल खालिस याच्या नेतृत्वाखाली बारा सशस्त्र माणसांनी तीन इमारती ताब्यात घेतल्या: ब्नाइ ब्रिथ या ज्यू संघटनेचं मुख्यालय, मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवरचं इस्लामिक सेंटर आणि महापालिकेची डिस्ट्रिक्ट बिल्डिंग. १४९ माणसं ओलीस, ३९ तास वेढा. महापालिकेच्या इमारतीत मॉरिस विल्यम्स नावाचा २४ वर्षांचा रेडिओ वार्ताहर गोळी लागून जागीच गेला. मॅक कँट्रेल हा सुरक्षारक्षक जखमी झाला आणि काही दिवसांनी हृदयविकाराने वारला. पुढे शहराचे महापौर झालेले मॅरियन बॅरी तेव्हा नगरसेवक होते. छर्रा त्यांच्या हृदयाच्या अगदी जवळ शिरला होता.

या घटनेला 'चित्रपटामुळे झालेली हिंसा' म्हणून सरसकट नोंदवतात. मागण्या नीट वाचल्या तर चित्र बदलतं. खालिस हा पूर्वी नेशन ऑफ इस्लाम या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुसलमानांच्या संघटनेत वरच्या पदावर होता, बाहेर पडल्यावर त्याने त्या संघटनेवर जाहीर टीका केली. जानेवारी १९७३ मध्ये त्याच्या वॉशिंग्टनमधल्या घरात शिरून सात जणांना मारण्यात आलं. त्यात त्याची मुलं होती, लहानगी होती. त्या खुन्यांना आपल्या हवाली करा, ही त्याची पहिली मागणी. त्याच संघटनेतून फुटलेला नेता माल्कम एक्स याच्या मारेकऱ्यांनाही आणा. आपल्या घरातल्या खुनांच्या खटल्यात न्यायालयाच्या अवमानाबद्दल भरावा लागलेला ७५० डॉलरचा दंड परत द्या. आणि तो चित्रपट देशातून काढा.

चार वर्षं मनात साचलेलं दुःख आणि संताप, त्याला त्या दिवशी चित्रपटाची तारीख मिळाली. खालिसने तो बघितलेला नव्हता. बघण्याची त्याला गरजही नव्हती. त्या दिवशी चित्रपटगृहांतून खेळ उतरवले गेले.

वेढा सुटला कसा, तेही लक्षात घेण्यासारखं आहे. इजिप्त, पाकिस्तान आणि इराण या तीन देशांचे राजदूत पोलिसांसोबत बसले आणि खालिसशी बोलले. बोलण्यात कुराणातली वचनं होती. इस्लामचा अधिकार कोणत्याही एका पीठाकडे नसतो, हे अक्कड यांच्या फायलीला भोवलं होतं. इथे तीच गोष्ट उपयोगी पडली. राजदूत म्हणजे काही उलेमा, म्हणजे धर्मपंडित, नव्हेत. पण त्या क्षणी त्यांचं वचन खालिसने ऐकून घेतलं. ११ मार्चच्या पहाटे ओलीस सुटले. खालिसला पुढे दीर्घ शिक्षा झाली आणि २००३ मध्ये तो तुरुंगातच वारला.

चित्रपट नंतर पुन्हा लागला, पण वाफ निघून गेली होती. मॉरिस जार यांच्या संगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं, एवढंच हाती आलं. अक्कड यांनी १९७८ मध्ये जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन' या भयपटात तीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम घातली आणि तो तुफान चालला. पैगंबरांच्या चरित्रात अडकलेल्या माणसाचं घर मुखवटेधारी खुन्याने सावरलं. विधिलिखित म्हणतात ते हेच असेल तर विधीला विनोदबुद्धी आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये अम्मानच्या हॉटेलांत अल-कायदाच्या इराकी शाखेने बाँबस्फोट केले, त्यात अक्कड यांची मुलगी रीमा गेली आणि दोन दिवसांनी तेही गेले. २०१८ मध्ये सौदी अरेबियाने तब्बल ३५ वर्षांनी चित्रपटगृहं उघडली आणि जूनमध्ये ईदला तिथे 'द मेसेज'ची नव्याने साफसूफ केलेली प्रत झळकली. ज्या देशाने मराकेशचं चित्रीकरण बंद पाडलं, तिथे!

मुंबईत पुन्हा

हे जुनं झालं म्हणावं, तर २०१५ मध्ये मजीद मजिदी या इराणी दिग्दर्शकाचा पैगंबरांच्या बालपणावरचा चित्रपट आला. कॅमेरा व्हित्तोरियो स्तोरारो यांचा, संगीत ए. आर. रहमान यांचं. मजिदींनी अक्कड यांच्यापेक्षा एक पाऊल पुढे टाकलं: मुलगा पाठमोरा दिसतो, केस दिसतात, हात दिसतात, चेहरा तेवढा प्रकाशात विरून जातो. शिया परंपरेत हे चालून गेलं. अल-अझहरने विरोध केला. आणि इकडे मुंबईच्या रझा अकादमी या सुन्नी संघटनेने मजिदी आणि रहमान या दोघांविरुद्ध फतवा मिळवला.

रहमान यांचं उत्तर शांत होतं. आपण दिग्दर्शक नाही, निर्माते नाही, फक्त संगीत दिलं आहे. आपण विद्वानही नाही. आणि उद्या अल्लाहसमोर उभं राहिल्यावर त्याने विचारलं की तुला श्रद्धा दिली, कला दिली, मग माझ्या लाडक्या मुहम्मदवरच्या चित्रपटाला संगीत का दिलं नाहीस, तर मी काय सांगू? अक्कड यांनी इतकी कागदपत्रं जमवली, पण एवढं साधं वाक्य त्यांना कधी सुचलं नसावं.

जुलै २०२० मध्ये हाच चित्रपट एका डिजिटल मंचावर येणार होता. रझा अकादमीच्या तक्रारीवरून महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी बंदीसाठी केंद्र सरकारला पत्र पाठवलं. १९७७ आणि २०२० यांच्यात ४३ वर्षं गेली, पण वादाचा क्रम तोच राहिला: आधी हरकत, मग राज्यकर्त्यांकडे धाव. मधल्या पायरीवर चित्रपट बघणं येतच नाही. आपल्याकडे हे फक्त एका धर्मापुरतं आहे असं कोणी समजू नये. कोणत्याही थोर पुरुषावरच्या नाटक-सिनेमाची महाराष्ट्रातली कहाणी याहून फार वेगळी निघत नाही.

माहितीपटाची वाट

ज्यांना हे चरित्र सांगायचंच होतं, त्यांच्यातल्या काही जणांनी दरम्यान कथापटाचा नाद सोडला आणि माहितीपटाकडे वळले. माझ्या मते हाच जास्त शहाणा निर्णय होता, आणि तो केवळ भीतीपोटी घेतला असं नाही. माहितीपटाला नायकाचा चेहरा लागत नाही.

अमेरिकेत डिसेंबर २००२ मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या हल्ल्याला जेमतेम सव्वा वर्ष झालेलं असताना, सार्वजनिक वाहिनीवर दोन तासांचा माहितीपट दाखवला गेला. निर्माते मायकेल वुल्फ, अलेक्झांडर क्रोनेमर आणि मायकेल श्वार्ट्झ, दिग्दर्शक उमर अल-कत्तान. सातव्या शतकाची गोष्ट सांगता सांगता कॅमेरा आजच्या अमेरिकन मुसलमानांकडे जातो. हल्ल्याच्या दिवशी कामावर असलेला न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचा अधिकारी, डिअरबॉर्नची एक परिचारिका, अशी माणसं. अक्कड यांच्या चित्रपटात ज्या चेहऱ्यांची उणीव होती, ते चेहरे इथे सापडले. इस्लामवाद्यांचे टीकाकार असलेले अमेरिकन लेखक डॅनियल पाइप्स यांनी लगेच टीका केली की सरकारी मदतीच्या वाहिनीवरून हा धर्मप्रसार चालला आहे. टीका फार ताणलेली आहे, पण त्यात तथ्याचा अंश आहे. दोन तासांत एकही टोचणारा प्रश्न मनात रुतून राहत नाही.

२०११च्या जुलैत बीबीसीने तीन भागांची मालिका केली, निवेदक रागेह ओमार. चित्र नाही, नाट्यरूपांतरही नाही, असा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला. आणि मग अक्कड यांना जे शक्य नव्हतं ते केलं: मदिनेतल्या ज्यू टोळ्यांचं काय झालं, विवाह, जिहाद, हे विषय टीकाकार आणि श्रद्धाळू दोघांनाही बसवून उघडपणे घेतले. आणखी एक सोय माहितीपटाला असते. पैगंबर वारले ६३२ मध्ये. त्यांचं सर्वात जुनं सविस्तर चरित्र इब्न इसहाक यांचं, ते वारले ७६७ मध्ये, आणि आपल्या हाती ते पोचतं मुख्यतः ८३३ मध्ये वारलेल्या इब्न हिशामच्या हातून. निवेदक हे कॅमेऱ्यासमोर सांगू शकतो. कथापटातल्या हमजाला तसं सांगायची सोय नाही.

चित्रीकरणाची अडचण मात्र वेगळ्या बाजूने उरतेच. मक्केत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही, त्यामुळे निवेदक आणि कॅमेरामन कोण, इथपासून सुरुवात. ओमार मुसलमान असल्याने त्यांना जाता आलं. पण तिथे जाऊन टिपायचं काय? ज्या जागी पैगंबरांचा जन्म झाला असं मानतात, तिथे आज ग्रंथालयाची इमारत आहे. हरमला, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीला, लागून असलेला ऑटोमन काळातला अजयाद किल्ला २००२ मध्ये पाडला आणि त्या जागी सहाशे मीटरचा घड्याळाचा मनोरा उभा राहिला. मराकेशला लाकूड-मातीची मक्का उभारायला अक्कड यांचे साडेचार महिने गेले. ती मक्का आज प्रत्यक्ष मक्केत कुठेही लावता येत नाही, आणि माहितीपटवाल्याला नकाशे, डोंगर आणि तज्ज्ञांच्या बोलण्यावर भागवावं लागतं.